खोडलेला काना

संपादकांना मी आधीच एक विनंती केली आहे, ती वाचकांनाही सांगतो. या लेखातला एकही काना गाळू नये आणि एकही वाढवू नये. मुद्रितशोधकांना काही चुकीचं वाटलं तर त्यांनी मला पोस्टकार्ड टाकावं, पण स्वतःच्या मनाने लाल शाई चालवू नये. ती मी चालवली होती. सहा वर्षांपूर्वी राजमणी सिस्टरांच्या एका वाक्यातला एक काना मी खोडला. ती चूक झाली, तिला अज्ञान म्हणता येईल. पुढे चूक माझी आहे हे लख्ख कळल्यावर, भरल्या सभेत, ती मी त्यांच्याच माथी मारली. त्याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी सोलापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आकडेमोडीच्या कामाला आहे. डॉक्टरांनी जमवलेल्या आकड्यांचे तक्ते करायचे, सरासरी काढायची, हे माझं काम. रोग्याला मी हात लावत नाही आणि रोगीही मला ओळखत नाहीत. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या सुमारास आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, आठ वरिष्ठ परिचारिकांसाठी संशोधनाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण काढलं. नाव ठेवलं 'जैववर्तनीय आरोग्यशास्त्र'. पाटी रंगवायला पेंटर आला. पाटी लागली ती 'जयवर्तनीय आरोग्यशास्त्र' अशी. दोन दिवस बाहेरगावचे रोगी तिच्याखालून जाताना हात जोडत होते.

मी पेंटरला बोलावून फैलावर घेतलं. तो म्हणाला, "साहेब, जैव असा शब्द असतोय व्हय? कागदावर चुकून आलं असंल म्हणून मी नीट केलं."

मी म्हणालो, "ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, तो आहे तसा उतरवायचा असतो. नीट करायचा नसतो."

हे वाक्य मी जिथे उभा राहून बोललो ती फरशी मला अजून दिसते.

त्या मोठ्या नावाचा साधा अर्थ असा. माणसाच्या डोक्यात जे चाललेलं असतं, ते त्याच्या शरीरात कुठे कुठे उमटतं हे पाहायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाडी का पळते, ज्याला भेटायला कोणी येत नाही त्याची जखम उशिरा भरते का, बायको रागावून माहेरी गेलेल्या माणसाचं पोट का बिघडतं. या गोष्टी परिचारिकांना कधीपासून माहीत असतात, पण त्या त्यांच्या बोलण्यात असतात, वहीत नसतात. त्या वहीत कशा आणायच्या, मोजायच्या कशा, आणि आपल्याला वाटतं ते खरंच तसं आहे की नुसतंच वाटतंय हे कसं ताडायचं, ते शिकवायचं होतं. शरीर आणि मन मोठ्या सरांकडे होतं. प्रश्नावली, चिठ्ठ्या टाकून रोगी निवडणं आणि हँडल फिरवायचं गणकयंत्र माझ्याकडे होतं. त्या यंत्राला आठही जणी 'शेवयांचं यंत्र' म्हणत आणि मला 'मास्तर'.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चिठ्ठ्या शिकवल्या. आपल्या आवडीचे रोगी निवडायचे नाहीत, सगळ्यांची नावं डब्यात टाकून जे निघेल ते घ्यायचं. स्त्रियांच्या वॉर्डात डबा फिरला. एका म्हातारीची चिठ्ठी निघाली तशी ती खाटेवर उठून बसली.

"काय लागलं मला?"

"काही लागलं नाही आजी, तुम्हाला वीस प्रश्न विचारायचेत."

"आन् जिची निघाली न्हाय तिला?"

"तिला काही नाही."

"मंजी लाटरी तिलाच लागली की गं!" म्हातारी म्हणाली आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपली.

दुसरा धडा कोऱ्या चेहऱ्याचा. प्रश्न विचारणारीच्या चेहऱ्यावर आनंद किंवा काळजी दिसली की रोगी तिला आवडेल ते उत्तर देतो. म्हणून चेहरा कोरा ठेवायचा आणि प्रश्नावलीबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही. हे मी फार ठासून शिकवलं. आठजणींत अक्कलकोटच्या शिवगंगा सिस्टर होत्या. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायच्या आणि दोन्ही भाषांत हसायच्या. त्यांचा चेहरा कोरा करायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्या पुरुषांच्या वॉर्डात केम गावच्या एका आजोबांसमोर बसल्या. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, टाके निघालेले, दोन दिवसांनी घरी जायचे होते.

"झोप कशी लागते?" शिवगंगा सिस्टरांनी भिंतीकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत विचारलं.

रोज हसणारी बाई अशी का बोलते हे आजोबांना कळेना. "बरी लागती."

"मनात वाईट विचार येतात का?"

"आत्तापातूर न्हवते."

"घरच्यांची आठवण येते का?"

आजोबांनी आवाज खाली आणला. "सिस्टर, खरं सांगा. मला किती दिस हायती?"

"ते प्रश्नात नाही," शिवगंगा सिस्टर म्हणाल्या.

आजोबांनी केमला तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या गाडीने दोन मुलगे, तीन सुना आणि एक भजनी बुवा उतरले. मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, सर्जननी वाचवलेला माणूस तुमच्या शास्त्राने मारला असता." शिवगंगा सिस्टर बाजूला उभ्या होत्या. "एन्री मास्तर, काय हो, हसायचं न्हाय म्हणलात की तुमी!" असं म्हणून त्या तीन दिवसांचं साठलेलं एकदम हसल्या. ते हसू पाहिल्यावरच आजोबांनी जेवण घेतलं. या प्रसंगाचा मी तक्ता करू शकलो नाही, पण सगळ्या प्रशिक्षणात शास्त्र सिद्ध झालं असेल तर ते त्या ताटावर.

आता राजमणी सिस्टर. वय तेव्हा चौतिशीच्या आसपास. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. घर विणकरांच्या वस्तीत, घरी तेलुगू. वडील मागावर बसल्याबसल्याच वारले, आता भाऊ मल्लेशम यंत्रमाग चालवायचा. वर्गात त्या सहसा प्रश्न विचारत नसत, पण एकदा विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ताण' असा शब्द लिहिला होता. मनावर येणाऱ्या ओझ्याला मराठीत काय म्हणावं यावर मोठ्या सरांशी चर्चा होऊन हा शब्द मीच सुचवला होता आणि त्याचा मला अतोनात अभिमान होता. मी शिकवत होतो, "रोग्याला विचारायचं, तुम्हाला ताण येतो का? थोडा, मध्यम, की फार?"

राजमणी सिस्टर उभ्या राहिल्या. "मास्तर, आमच्याकडं माणूस असं सांगत नाही. फार आला तरी 'काय नाही, बरंय की' म्हणतो. त्यापेक्षा मोजता येईल असंच काहीतरी विचारावं की."

"ताण कसा मोजणार?" मी हसून म्हणालो.

त्या खाली बसल्या. उत्तर त्यांनी पंधरा दिवसांनी दिलं, आणि ते मला वाचता आलं नाही.

त्यांनी विषय घेतला होता यंत्रमाग कामगारांचा रक्तदाब. पाळी सुटताना कारखान्याच्या दाराशी बसून रक्तदाब मोजायचा आणि चार प्रश्न विचारायचे. प्रश्नांचा हस्तलिखित कागद त्यांनी माझ्याकडे दिला. तिसरा प्रश्न असा होता: 'आज ताणा किती वेळा तुटला?'

मला हसू आलं. ते कुत्सित नव्हतं, मायेचं होतं, आणि तेच जास्त वाईट. मला वाटलं, घरी तेलुगू बोलणारी बाई, तेलुगू माणसाला शब्दाच्या शेवटी स्वर लावल्याशिवाय चैन पडत नाही, बिचारीने 'ताण'ला काना देऊन टाकला. आणि ताण कधी तुटतो का? ताण येतो. मी लाल शाईने काना खोडला, 'तुटला' खोडून 'आला' केलं, स्वतः स्टेन्सिल कापली आणि 'आज ताण किती वेळा आला?' असे साठ कागद काढून त्यांच्या हाती दिले. वर म्हणालो, "थोडं शुद्धलेखन पाहिलं आहे." त्या म्हणाल्या, "बरं झालं मास्तर."

ज्यांना माझ्याइतकंच ठाऊक असेल त्यांच्यासाठी सांगतो. मागावर जे उभे लांब धागे ताणून बसवलेले असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडवा धागा त्यांतून ये-जा करतो आणि कापड होतं. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. सूत कच्चं असेल त्या दिवशी हे पुन्हा पुन्हा होतं आणि विणणाऱ्याचं डोकं फिरतं. राजमणी सिस्टरांनी लहानपणापासून वडिलांना तसं पाहिलं होतं. मन मोजायला त्यांनी धागा शोधून काढला होता. मी सोलापुरात वीस वर्षं राहिलो होतो, रोज ताणा अंगावर पांघरून झोपत होतो, आणि मला तो शब्द माहीत नव्हता.

त्यांनी माझा छापील प्रश्न वाचलाच नाही. स्वतः केलेले प्रश्न त्यांना पाठ होते. तिथे त्या बहुधा तेलुगूतच विचारायच्या आणि कागदावरच्या चौकटीत फक्त आकडा लिहायच्या. त्यामुळे आकडे त्यांच्या प्रश्नाचे आणि वरचा प्रश्न माझा, असे साठ कागद परत आले. मी शेवयांचं यंत्र फिरवून तक्ता केला. आकडा जितका मोठा, तितका रक्तदाब वर. इतका देखणा तक्ता माझ्या हातून पुन्हा झाला नाही. 'ताण' हा माझा शब्द विणकरांना किती नेमका कळला, याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं.

शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते. हॉलमध्ये सगळे डॉक्टर, मेट्रनबाई, आठही परिचारिका. या परीक्षेतून एकीला दिल्लीला वर्षभराच्या पुढच्या संशोधन-शिक्षणासाठी पाठवायचं होतं आणि ते नाव राजमणी सिस्टरांचं असणार हे शिवगंगा सिस्टरांसकट सगळे धरून चालले होते.

परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "सिस्टर, या गृहस्थांना एका पाळीत चौदा वेळा ताण आला?"

राजमणी सिस्टरांना 'ताणा' असंच ऐकू आलं असावं. "हो सर. त्या दिवशी माल खराब होता."

"माल?"

"सूत कच्चं होतं सर."

"आणि ताण आला की हे काय करतात?"

"माग बंद करतात आणि गाठ मारतात."

मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं.

"गाठ मारल्यावर ताण जातो?"

"जातो की. पुढचा तुटेपर्यंत."

आता सगळा हॉल हसला. मीही हसलो. आणि हसता हसता 'तुटेपर्यंत' हा शब्द माझ्या कानात अडकला. चार महिन्यांपूर्वी मी तो लाल शाईने खोडला होता.

"सिस्टर," परीक्षक म्हणाले, "तुम्ही कशाबद्दल बोलताय?"

"ताण्याबद्दल सर. मागावरच्या."

"इथे 'ताण' छापलंय. 'आज ताण किती वेळा आला?' हा प्रश्न लिहिला कोणी?"

राजमणी सिस्टरांनी कागद हातात घेतला. पहिल्यांदाच वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हस्तलिखित कागद माझ्या मांडीवरच्या फायलीत होता. मी उभा राहिलो. मी काय बोलणार आहे हे मला उभं राहीपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "सर, सिस्टरांच्या घरी तेलुगू बोलतात. मराठीत त्यांचा थोडा घोळ होतो."

राजमणी सिस्टरांनी कागद परत दिला. त्यांनी चेहरा कोरा ठेवला. माझा तो धडा इतक्या नीट दुसऱ्या कोणी कधी पाळला नाही.

'प्रश्नावली सदोष, निबंध अमान्य' असा शेरा पडला. दिल्लीला शिवगंगा सिस्टर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, ह्ये माझं न्हाय री. तिचं हाय." एवढं बोलून त्या हसल्या नाहीत, तेव्हा मला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली.

पुढची सहा वर्षं राजमणी सिस्टर मला जिन्यात भेटल्या की "नमस्कार मास्तर" म्हणत राहिल्या. एकदाही वेगळ्या आवाजात नाही. मी जिना सोडला आणि स्ट्रेचर न्यायच्या उतारावरून ये-जा करू लागलो. शिपायाला वाटलं माझे गुडघे गेले. त्याने गावाहून कसलंसं तेल आणून दिलं आणि मी ते सहा महिने निमूट चोळलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. घरी अंथरुणावरची चादर मी उजेडात धरून बघत बसे. बायको म्हणाली, "पांघरायची आहे ती. पुरावा असल्यासारखं काय बघताय?" तिला काही ठाऊक नव्हतं. सहज बोलली, आणि मला त्या चादरीखाली घाम फुटायला लागला.

या वर्षी दिल्लीची जागा पुन्हा निघाली. वयाची अट चाळीस. अर्ज छाननीला माझ्या टेबलावर आले, त्यात एक राजमणी सिस्टरांचा. वयात बसण्याचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. प्रशिक्षण उत्तीर्ण झाल्याचा दाखला अर्थातच जोडलेला नव्हता. त्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'निबंध अमान्य. कारण कार्यालयास माहीत आहे.' नियमाप्रमाणे अशा अर्जावर लाल शाईने 'अपात्र' लिहायचं असतं, आणि लिहिणारा मीच.

मी दौतीला झाकण लावलं. खणातून तो हस्तलिखित कागद काढला, सोबत दोन पानी पत्र लिहिलं आणि मोठ्या सरांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला.

"सहा वर्षं हा कागद कुठे होता?"

"खणात, सर."

"आणि तुम्ही?"

"मीही तिथेच, सर."

ते हसले नाहीत. "हे मला कशाला देता? माझं काय गेलंय? जिचं गेलंय तिच्या तोंडावर सांगा. ऐकलं अशी तिची सही या पत्रावर आणा. मग मी शेरा बदलायला लिहितो. अर्ज सोमवारी जायचे आहेत."

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला दुसऱ्या गोष्टीवर करायचा आहे. सही मिळाली. निबंध परीक्षकांकडे पुन्हा गेला, आणि या खेपेला चौदा वेळा तुटलेल्या ताण्यावर कोणी हसलं नाही. राजमणी सिस्टर सध्या दिल्लीत आहेत. परवा पत्र आलं: 'इथले लोक ताण्याला ताना म्हणतात, आणि टोमण्यालाही ताना म्हणतात. प्रश्नावली दोनदा तपासते.' हा लेख छापायला त्यांची हरकत नाही. फक्त काने तपासा, म्हणाल्या.

तर, रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत मल्लेशमचा यंत्रमाग खटाखट चालू होता. इतका आवाज, की स्टुलावर ठेवलेल्या चहाच्या बशीत कप नाचत होता. कोपऱ्यात त्यांची आई सुताच्या कांड्या भरत बसली होती. राजमणी सिस्टरांनी मला खुर्ची दिली आणि समोर बसल्या.

मी ओरडून म्हणालो, "सिस्टर, माफी!"

त्या ओरडून म्हणाल्या, "कॉफी नाही मास्तर, चहाच हाय!"

मी चहा प्यायलो. मागासमोर बसून माणसाला खाजगी बोलता येत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इतक्यात धागा तुटला. मल्लेशमने माग थांबवला. खोलीत एकदम अशी शांतता झाली की मी घाबरलो आणि म्हणालो, "चादर छान आहे." मल्लेशमने मान डोलावली, गाठ मारली, माग सुरू.

दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मी तयार होतो. "सिस्टर, सहा वर्षांपूर्वी..." एवढं होईतो त्याची गाठ मारून झाली. विणकराची बोटं किती चपळ असतात हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

तिसऱ्यांदा तुटण्याची मी वाट पाहत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ताणा तुटायची प्रार्थना करत होतो, तीही दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पोटावर. तो तुटला.

"तो काना मी खोडला होता," मी एका दमात म्हणालो.

मल्लेशमने तुटलेलं टोक चिमटीत धरलं आणि तसंच धरून ठेवलं. गाठ मारेना.

"कोणता काना?" राजमणी सिस्टरांनी विचारलं. चेहरा कोरा. "नीट सांगा मास्तर. मोघम बोलायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय की."

कोपऱ्यातून आईने मुलाला विचारलं, "एमन्नारु?" काय म्हणाले ते.

"सांगायलेत अजून," मल्लेशम म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सावकाश होऊ द्या मास्तर. अम्माला ऐकू आलं पायजे. माग बंदच हाय."

मी खुर्चीतून उठलो. पत्र खिशातच राहिलं.

"सिस्टर, तुम्ही 'ताणा' लिहिलं होतं, ते बरोबर होतं. मला तो शब्द माहीत नव्हता, म्हणून मी तुमचा काना खोडला. आणि ते कळल्यावर, सगळ्यांसमोर, तुमच्या मराठीत घोळ होतो असं मी सांगितलं. तुमच्या मराठीत घोळ नव्हता, माझ्या मराठीत होता. मला माफ करा."